मानेनं आखलेला रस्ता

सत्तरच्या दशकात मी नागपूरला नगररचनेच्या कचेरीत नकाशे काढायचो. काटोलच्या अलीकडे एक लहानसं स्टेशन होतं. भोवती संत्र्याचे बगीचे, मैलभरावर गाव. पुढेमागे वस्ती वाढणार म्हणून तिथला चौक, बाजार नि रुंद रस्ता आखायचं काम माझ्याकडे आलं. मला काय, पट्टी ठेवली आणि गावापासून स्टेशनापर्यंत सरळ रेघ ओढली!

जुन्या पायवाटेच्या कडेनं खांद्याएवढे उंच, माथ्यावर सपाट दगड उभे होते. नकाशावर मी बिनधास्त लिहिलं, 'निरुपयोगी, काढून टाकावेत.' साहेबांची सही तेवढी बाकी होती.

शेवटची मोजणी करायला गेलो, तर एक म्हातारी डोक्यावर संत्र्यांचं टोपलं घेऊन पॅसेंजर गाठायला निघालेली. दगडापाशी जराशी वाकली, टोपलं त्यावर सरकवलं, घाम पुसला.

"आजी, हे दगड आम्ही काढणार आहोत," मी ऐटीत सांगितलं.

"काहून गा? मंग मले टोपलं कोन उतरवून देईन? मी एकटी बाई. खाली ठेवलं का पुन्हा उचलत नाही. संत्रं गाडीले नाही पोचलं तं खाऊ काय, माती?"

"हात्तिच्या, एवढंच ना!" म्हणत मी टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. कसली मर्दुमकी! मान लटपटायला लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि अगदी आता पडतो म्हणेस्तोवर पुढचा दगड आला. आजीची हसून मुरकुंडी वळली.

मग मी साखळी टाकून मोजलं. सपाटीवर दगडादगडांत सारखं अंतर, स्टेशनाच्या चढावर निम्मं. बापरे! हे तर कोणीतरी मोजूनमापून लावलेले होते. कोणी लावले हे, मी विचारलं.

"माह्या सासूनं अन् गावच्या बायांनी. जिची मान सगळ्यात कच्ची, तिच्या डोक्यावर टोपलं देल्लं. थे थांबली का तिथं दगड गाडला."

"कोण होती ती?"

"मीच गा. पहिलं पोर पोटात होतं."

कचेरीत येऊन मी सरळ रेघ खोडली आणि ती पायवाट दगडांसकट नकाशावर उतरवली. वाकड्या रस्त्यावरून साहेब पुष्कळ खेकसले, पण सही केली. दगड राहिले. मग 'आखणी करणारा' या रकान्यात माझं नाव लिहायची पाळी आली, आणि खरं सांगतो, माझा हातच धजेना.