उतारावरचा आवाज

गाडीचं दुखणं सांगायला कोणी तोंड उघडलं, की उस्ताद हातातला पाना वर करायचा. "चुप. मालकानं बोलायचं नाही. गाडी बोलेल." मालक कोण आहे हे बघायचा नाही. एका कोचिंगवाल्या सरांना त्यानं असंच गप्प केलं. ते बिचारे शेजारच्या टपरीवर पोहे खात बसले.

भंवरकुआंला, क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत त्याचं एवढंसं गॅरेज होतं. असा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. शर्टाचा मूळ रंग कोणता ते त्यालाही आठवत नसेल. ताठा मात्र असा, जणू इंदुरातल्या सगळ्या गाड्या त्याला विचारूनच सुरू होतात.

आमची रोपांची नर्सरी. मी आणि बायको. पिकअपमध्ये कुंड्या भरायच्या आणि सिमरोलकडे पोचवायच्या. एकदा उतारावर मी ॲक्सिलेटरवरून पाय उचलला आणि गाडीच्या पोटातून आवाज आला. पाय दाबला की गायब. वेग कमी केला की पुन्हा हजर.

गॅरेजला न्यायची म्हणून आम्ही गाडी रिकामी केली, चांगली धुतली. पाहुण्यांकडे चाललो होतो जणू. उस्तादानं फिरवली तर आवाजच नाही. तो भडकला. "भिया, वरात काढायची आहे का? ज्या वजनात ओरडते त्या वजनात आणा ना!"

दुसऱ्या दिवशी भरून नेली. मी स्टिअरिंगवर, बायको मधे, तो खिडकीशी. मी पाय उचलला. त्यानं मला विचारलं नाही. तिला विचारलं, "वहिनी, कसा?"

"आधी घोंऽऽ, मग थांबता थांबता टक्," ती म्हणाली. अशी हुबेहूब नक्कल केली, की मला हसू आलं.

"शाफ्टचा क्रॉस," उस्ताद म्हणाला. मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा असतो, त्याच्या सांध्यातला तुकडा. बदलला. आवाज गेला.

त्यानंतर हेच चाललं. काही वाजलं की तो तिला विचारणार आणि ती घों, टक्, चर्र करून दाखवणार. गाडी मी चालवायचो, पण मला कोणी विचारत नव्हतं. एकदा मी चिडून म्हणालो, "आता हिलाच ठेवून घ्या गॅरेजात." उस्ताद म्हणाला, "पाठवा. तुमच्यापेक्षा अक्कल आहे." ती दिवसभर हसत होती.

ती गेली. कशानं, ते इथे लिहायचं नाही.

काही महिन्यांनी त्याच उतारावर तोच आवाज आला. घों, मग टक्. मी गाडी उस्तादाकडे नेली, भरलेलीच. तो शेजारी बसला. मी पाय उचलला. मला स्वच्छ ऐकू आलं. तो समोर रस्त्याकडे बघत राहिला.

"काही नाही. मक्खन चालतेय."

"अहो, आत्ता वाजलं!"

"भिया," तो माझ्याकडे वळून हळू बोलला. असा तो कधी बोलायचा नाही. "वहिनी गेल्या. रिकाम्या घरात माणसाला काहीबाही ऐकू येतं. होतं असं."

मुलाला सांगितलं, तर तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. मी दिवसा पेंगायला लागलो आणि उतारावर आवाज येतच राहिला. मग मलाही वाटलं, डोकं गेलं आपलं.

एके दिवशी सिमरोलच्या अलीकडे खालून दणका बसला. शाफ्टचं मागचं टोक सुटून रस्त्यावर आपटत होतं. ब्रेक लागला म्हणून वाचलो. कुंड्यांचा चुरा झाला. गाडी टोचन करून भंवरकुआंला आणली.

उस्ताद माझ्याकडे पाठ करून, वाकून तुटलेला क्रॉस बघत होता. मी मागून शिवी हासडली. आईवरून. टपरीवरची पोरं चहा प्यायची थांबली. तो वळला नाही. मी आणखी एक दिली, मोठ्यानं. तो आपला तुकडा उलटसुलट करून बघतोय.

मग मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो माझ्या ओठांकडे बघायला लागला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वहिनी होत्या तेव्हापासून." त्यानं फडक्याला हात पुसले. "बाकी गाड्या हाताला कळतात, भिया. तुमची उतारावरच बोलते. तिथे हात कुठे लावू?"

"तिला माहीत होतं?"

"म्हणून तर तोंडानं करून दाखवायच्या. ओठ दिसावेत म्हणून. म्हणाल्या, ह्यांना सांगू नका. गावभर करतील."

"आणि मला वेडा ठरवलंस? गोळ्या खातोय मी!"

"बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी आणतं?" तो म्हणाला. माफी नाही, काही नाही. नवा क्रॉस त्यानंच बसवला.

पोरांनी सगळं ऐकलं होतं. गाड्या यायच्या थांबल्या. मी एक शब्द कुठे बोललो नाही, तरी थांबल्या.

गॅरेज बंद झालं. देवासहून त्याची मुलगी त्याला न्यायला आली तेव्हा तो रिक्षात सामानामागे बसला होता. मी गाडी बाजूला लावून गेलो. रागानंच गेलो होतो. माझ्या बायकोनं माझ्यापासून लपवलेली एकच गोष्ट मला माहीत आहे, आणि ती ह्या माणसाची होती. आणखी काय काय होतं?

"उस्ताद," मी म्हणालो, "ती माझ्याबद्दल काय बोलायची?"

पण मधे गादीची वळकटी होती. माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. त्यानं हसून मान हलवली. हो, हो. रिक्षा निघाली, तरी तो हो म्हणत होता.