ढकलता येणारी गाडी

आमच्याकडे मोटार घ्यायचं ठरलं तेव्हा घरात एकालाही मोटार चालवता येत नव्हती. नवऱ्यानं तर आधीच हात वर केले होते. तो देशावरचा, शिस्तीचा माणूस, आणि इतका सावध की रस्ता ओलांडताना लांबून सायकल दिसली तरी परत येऊन कडेला उभा राहायचा. गाडी हवी होती ती मला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत इमारतींखाली एकेक गाडी दिसायला लागली होती, आणि कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई एक दिवस स्वतः गाडी चालवत आली. ती चालवते तर मी का नाही, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. यापेक्षा भारदस्त कारण मला आजवर सापडलेलं नाही.

ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं आणि मला गाडी लगेच जमली. गिअर टाकला की गाडी लोण्यासारखी सुटायची. शिकवणारे मास्तर शेजारी बसून खिडकीबाहेर बघत गुणगुणत असायचे, म्हणजे त्यांचाही माझ्यावर विश्वास बसलाय असं मी धरून चालले. लायसन्स मिळालं. घरी पेढे आणले.

मग शोरूमला जायचं ठरलं. माझ्या माहेरी कुठलीही मोठी वस्तू घ्यायची तर आईला न्यायचं हा रिवाज. सोनं असो की मिक्सर, तिनं हात लावल्याशिवाय सौदा होत नसे. आई ठाण्याच्या कोळीवाड्यातली, जन्मभर मासळीबाजारात बसलेली. वस्तूचं तोंड बघून ती आतलं ओळखते असा तिचा दावा होता. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाडा घट्ट बांधून आली.

नवऱ्यानं मनाशी सगळं पक्कं केलं होतं. तेव्हा गिअर बदलावे न लागणारी गाडी नवीनच निघाली होती. तिचं माहितीपत्रक त्यानं देवाच्या पोथीसारखं वाचलं होतं. त्याचं म्हणणं असं की मला एका वेळी दोन गोष्टी सांगितल्या की मी तिसरीच करते, तेव्हा क्लच, ब्रेक आणि गिअर हा खेळ माझ्यासाठी नाही. खरं सांगायचं तर मी ती गाडी चालवून पाहिली आणि मलाही आवडली. डावा पाय नुसता आराम करत होता. घ्यावी हीच, असं मनात आलंही.

आई मात्र गाडीभोवती फिरत होती. पापलेट उलटंपालटं करावं तसं तिनं गाडीला सगळीकडून पाहिलं, मागे गेली, डिकीवर दोन्ही पंजे ठेवले आणि हलकेच रेटून बघितलं. मग विक्रेत्याला विचारलं, "ही बंद परली तं ढकलून चालू होते का?"

विक्रेता हसला. नाही आजी, म्हणाला, ही ढकलून चालू होत नाही. बॅटरी उतरली तर मेकॅनिकला बोलवायचं नाहीतर दुसऱ्या गाडीनं ओढून न्यायची. ढकलून चालू होते ती गिअरवाली.

आईनं पंजे काढून घेतले. "जी गारी चार मानसांना ढकलता येत नाय," ती म्हणाली, "ती आपल्या कामाची नाय."

तिच्या बाजूनं ते बरोबरच होतं. कोळीवाड्यात ओहोटीला होडी चिखलात रुतली की हाक मारावी लागत नाही. जो जवळ असेल तो खांदा लावतो. वर्षभर ज्याच्याशी बोलचाल बंद आहे तोसुद्धा येतो, होडी पाण्यात गेली की परत तोंड फिरवून निघून जातो. वडील होते आणि आमची होडी होती तोवर मी हे रोज पाहिलं होतं. आईच्या हिशेबात अडलेली वस्तू ढकलता येत नसेल तर अडलेला माणूस एकटाच पडायचा.

पण आईचं ऐकून मी गिअरवाली घेतली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. झालं असं, की विक्रेता माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "साहेब, मॅडमसाठी बिनगिअरचीच घ्या. लेडीजना तेवढंच सोपं." माझं टाळकं सटकलं. मी तिथल्या तिथे गिअरवाली बुक केली. नवरा परतीच्या रिक्षात ते माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवत होता, आणि आई रस्ताभर खुशीत होती.

गाडी आली त्या दिवशी कॉलनीत पूजा झाली. बोनेटवर स्वस्तिक, हार, नारळ, पुढच्या दोन्ही चाकांखाली लिंबं. आता फक्त लिंबं चिरडायची होती. मी ऐटीत बसले, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. परत तेच. परत तेच. अख्खी कॉलनी गॅलऱ्यांत उभी. लिंबं मजेत, एकालाही ओरखडा नाही. शेवटी पोरांनी मागून ढकललं तेव्हा कुठे त्यांचा रस निघाला.

मला काही कळेना, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तर असं एकदाही झालं नव्हतं. मास्तरांना जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या गाडीत त्यांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. म्हणजे मी नुसतं स्टीअरिंग धरून बसत होते, गाडी मास्तरच चालवत होते, गुणगुणत. पेढे आणायला हवे होते ते त्यांच्यासाठी.

मग खरं शिक्षण सुरू झालं. रविवारी सकाळी आम्ही घोडबंदर रोडला जायचो. तिथे आज ज्या उंच इमारती आहेत त्यांच्या जागी तेव्हा झाडी होती, आणि मला रस्ता रिकामा हवा होता. नवरा शेजारी बसायचा, एका हातानं वरचं हँडल धरून आणि बहुतेक वेळ डोळे मिटून. क्लच सोडताना कुठे थांबायचं ते पायाला कळलं पाहिजे, असं मास्तरांनी सांगितलं होतं, आणि माझ्या पायाला काही केल्या कळत नव्हतं. एखाद्या दिवशी जमायचं, दुसऱ्या दिवशी परत गचके. बिनगिअरची घेतली असती तर, असं नवरा एकदाही म्हणाला नाही. त्याचं ते न म्हणणं मला जास्त लागायचं.

त्यातच धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी डोंबिवलीची, पश्चिमेला खाडीकाठच्या गावातली, आमच्यासारखीच कोळ्यांची. आईनं जाहीर करून टाकलं की सून आपल्या गाडीतून येणार आणि गाडी लेक चालवणार. ती स्वतः लग्न होऊन आली ती सासरच्या होडीतून, आणि होडी तिच्या दिरानं वल्हवत आणली होती. सून घरच्या माणसाच्या हातानंच घरी यायला हवी, हे तिच्या मनात तेव्हापासून होतं. कोळीवाडाभर तिनं हे सांगितलंही. आता गाडी मला चालवावीच लागणार होती. माझी फजिती झाली असती तर मी ती पचवली असती, पण आईची मान खाली गेलेली मला चालणार नव्हती.

लग्नाच्या सकाळी मला कळलं की नवऱ्यानं भावाच्या एका ड्रायव्हर मित्राला गुपचूप तयार ठेवलंय. जमलं नाही तर असावा, म्हणाला. गाडी मात्र मीच चालवत डोंबिवलीला नेली, आणि वाटेत ती दोनदाच बंद पडली.

लग्न झकास झालं. मांडवात जेवणावळी उठत होत्या, बँडवाले घामाघूम झाले होते आणि भावाचे मित्र बाहेर आमच्या फुलांनी मढवलेल्या गाडीची दारं उघडी टाकून तिच्या टेपवर कॅसेट लावून नाचत होते. कुणी मनावर घेतलं नाही. नवी गाडी, नवा टेप, वाजू दे.

ऊन कलल्यावर पाठवणी झाली. नवरी आपल्या आईच्या गळ्यात पडून रडली, मावशीच्या गळ्यात पडून रडली, मग तिला आणि भावाला मागच्या सीटवर बसवलं. माझी आई पुढे माझ्या शेजारी. नवरा आमच्या मागच्या टेम्पोत बसणार होता. मी चावी फिरवली. गाडीतून नुसतं टक् असं आलं. परत फिरवली. टक्. दुपारभर वाजलेल्या कॅसेटनं बॅटरी पिऊन टाकली होती.

बँड थांबला. नवरीकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाठवणीला गाडीत बसलेली नवरी खाली उतरवायची नाही, तिला माघारी घरात न्यायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तो ड्रायव्हर मित्र लगबगीनं माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, ताई, तुम्ही सरका, धक्का मारून मी काढतो.

मी दार उघडायला हात घातलासुद्धा. आईनं माझा दुसरा हात धरला आणि माझ्यावरून वाकून त्याला सांगितलं, "तू मागं जा. ढकल."

तो मागे गेला. त्याच्यापाठोपाठ भावाचे मित्र गेले, फेटे बांधलेले काका-मामा गेले, क्लॅरिनेट काखेत मारून बँडवाला गेला, आणि आरशात मला दिसलं की बाह्या नीट दुमडून, चष्मा खिशात ठेवून माझा नवराही डिकीला हात लावून उभा आहे. नवरीचे वडील सगळ्यात मधे होते. लेक सासरी निघाली म्हणून रडून त्यांचे डोळे सुजले होते, आणि तिला सासरी नेणारी गाडी तेच ढकलत होते.

होडीला घालतात तशी हाळी घालून सगळ्यांनी जोर लावला. ढकलताना दुसरा गिअर घालतात एवढं ऐकून होते, म्हणून मी तो टाकून क्लच दाबून बसले होते. मास्तरांनी हे कधी शिकवलं नव्हतं, घोडबंदरला हे कधी केलं नव्हतं. गाडी हलली, गल्लीत पळायला लागली. आता सोडू की मग सोडू, असं चाललं असताना पायालाच एकदम कळलं. मी क्लच सोडला. गाडीनं एक हिसका दिला, खोकली, आणि इंजिन धडधडायला लागलं.

मागून जो ओरडा झाला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. बँड मिळेल तिथून परत सुरू झाला. आणि मागच्या सीटवर, इतका वेळ मुसमुसणारी नवरी पदर तोंडाशी धरून खळखळून हसत होती. तिला बघून भाऊ, भावाला बघून मी. तोवर मला इतका आनंद कशानंही झाला नव्हता, हे मी आजही सांगेन.

पुढचा सगळा रस्ता मी इंजिन बंद पडू दिलं नाही. रेल्वे फाटकाशी सगळ्यांनी गाड्या बंद केल्या, मी ॲक्सिलरेटरवर पाय हलकेच दाबून ठेवला. शिळफाटा झाला, मुंब्रा झालं, कळव्याचा पूल आला. पुलाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला आणि मलाही थांबावं लागलं. ट्रक हलला तसा मी क्लच थोडा सोडला, गाडी थरथरली, एक इंचसुद्धा मागे न जाता वर चढली. आईला त्यातलं काही कळलं नाही. ती खाडीकडे बघत बसली होती.

कोळीवाड्याच्या तोंडाशी अख्खी आळी जमली होती. आरतीचं ताट, भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या सगळं तयार. मी गाडी थेट आमच्या दारात नेऊन उभी केली आणि तशीच बसून राहिले. सवाष्णी नवरीला उतरवायला पुढे आल्या तरी माझा हात चावीवर जाईना. बंद केली तर परत चालू होणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

आई उतरता उतरता थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दारात जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं.

"बंद कर गो आता," ती म्हणाली. "उद्या परत ढकलू."

मी चावी फिरवली.