माझ्या खुर्चीचं काम

आमचे हे सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देतात. सगळा बाजार त्यांना खिळेतोंडे म्हणतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही, उलट अभिमानच आहे. कामाला बसले की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक फिरवून त्याचं डोकं ओठांशी आणायचं. हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं, ते ओठांना टेकवलं की खिळा उचलला जातो आणि दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, नवरा अबोल मिळाला. कसला अबोल. संध्याकाळी खिळे काढून ठेवले की तोंडाचा जो पट्टा सुटतो, तो झोप लागेपर्यंत.

लोकांच्या मोडक्या बैठका नव्यासारख्या करणारा हा माणूस, पण घरात दिव्याखाली अंधार. खिडकीजवळची माझी खुर्ची आमची मुलगी शाळेत होती तेव्हापासून फाटलेली. एक स्प्रिंग वर आली होती, तिला चुकवून मी अंग चोरून बसायची. मुलगी लग्न होऊन सासरी गेली, तरी यांचं आपलं एकच, ‘या आठवड्यात करतो.’

गेल्या महिन्यात मी मुलीकडून परत आले, तर ती खुर्ची फरशीवर उलटी पडलेली. जुनं कापड सोलून काढलेलं आणि हे तिच्या बैठकीखाली नवे पट्टे ठोकत बसलेले. दुसऱ्या कुठल्या बाईला आनंद झाला असता. मला मात्र त्यात काहीतरी काळंबेरं दिसलं.

“आज सूर्य कुठून उगवला?” मी विचारलं.

त्यांनी तोंडातले खिळे तळहातावर काढले. “तुझी खुर्ची तेवढी राहिली होती. म्हटलं, करून टाकू.”

“तेवढी राहिली होती म्हणजे? बाकीचं काय काय उरकलंत?”

त्यांनी पुन्हा हातोडी उचलली. तेव्हा मागचं एकेक माझ्या ध्यानात यायला लागलं. बरेच दिवस हे माझ्यासोबत जेवत नव्हते. कधी भूक नाही, कधी दुकानातच खाल्लं. मी मेली मनातल्या मनात धुसफुसत होते, की एवढ्या वर्षांनी माझ्या हातची चव नकोशी झाली. एकदा जेवताना त्यांचा जबडा उजवीकडे खाली फुगलेला दिसला होता, तर म्हणाले, दाढ दुखतेय. आणि मी विश्वास ठेवला.

“गाठ आहे,” ते शेवटी म्हणाले. “जबड्याखाली. आधी वाटलं, एखादा खिळा आत रुतला असेल. आरशासमोर उभा राहून हातोडी लावून बघितली. लोखंड असतं तर चुंबकाला ओढ लागली असती. नाही लागली. मग राहिलं काय?”

त्यांना काम शिकवणारे म्हातारे कारागीर जबड्याच्या गाठीनेच गेले होते. शेवटी शेवटी हेच त्यांना चमच्याने भरवायचे. त्यामुळे राहिलं काय, ते मला वेगळं सांगावं लागलं नाही. हसावं की रडावं कळेना. हातोडीने रोग तपासणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता. मी खूप बोलले त्यांना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हे रात्रीपासून उपाशी. तपासणीला रिकाम्या पोटी जायचं असतं, हे कोणी सांगितलं होतं देव जाणे. बाईंनी जबडा चाचपला, दोन्हीकडून दाबला.

“आत्ता तर सूज दिसत नाही. कधी येते?”

“कधीही येते,” हे म्हणाले.

मला राहवलं नाही. “कधीही कशाला? ताट समोर आलं की येते. म्हणून तर जेवण टाळतात.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चहाच्या खोलीतून लिंबाची फोड मागवली. यांनी ती तोंड वेडंवाकडं करत चोखली. थोड्याच वेळात जबड्याखाली फुगवटा आला, आमच्या डोळ्यांदेखत. बाईंनी हातमोजा चढवून जिभेखाली बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “इथे काहीतरी टणक लागतंय. लाळेच्या ग्रंथीच्या नळीत खडा अडकलेला दिसतो. आंबट खाल्लं, जेवण दिसलं की लाळ सुटते, वाट बंद असते, मग ग्रंथी फुगते.”

“म्हणजे ती... तसली गाठ नाही?”

“तसली गाठ सहसा जेवणाच्या वेळा पाळत नाही. तरी सोनोग्राफी करून खात्री करू.”

खात्री झाली. खडाच होता, बाकी काही नाही. हे ऐकलं आणि मी तिथल्या बाकावर बसून पोटभर रडले. यांनी रुमाल पुढे केला, त्यातून दोन खिळे निघाले.

जिभेखाली भूल देऊन छोटीशी चीर घेतली आणि खडा काढला. वाटाण्याएवढा, पिवळट. बाईंनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता? हे म्हणाले, “पिणार कसं? तोंडात खिळे असतात.” बाईंनी कपाळाला हात लावला. तेव्हापासून खिळे डबीत आणि पाण्याची बाटली शेजारी. तोंड दिवसभर रिकामं असतं, त्यामुळे गिऱ्हाइकांना आता सगळं ऐकावं लागतं. त्यांना म्हटलं, मी इतकी वर्षं ऐकलं, आता थोडं तुम्ही ऐका.

त्या दिवशी घरी आल्यावर यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर बाईंनी छोट्या बाटलीत घालून दिलेला खडा काढून त्याला हातोडी लावून बघितली. चुंबकाने ओढला नाही. “बघ, मी म्हणत होतो, लोखंड नाही,” एवढं बोलून जेवायला बसले. दोनदा वाढून घेतलं. मी समोर बसून नुसती त्यांच्या जबड्याकडे बघत होते.

खुर्ची अजून तशीच उलटी पडलीय. तीन पट्टे ठोकलेत, बाकीचे लोंबताहेत, येताजाता पायात येतात. काल मी विचारलं, “हिचं काय करायचं?”

“या आठवड्यात करतो,” ते म्हणाले.

“काही घाई नाही,” मी म्हटलं, आणि स्टुलावर बसून निवांत चहा प्यायले.