आत्याबाईंचा पदर आणि माझा अंदाज

यंदाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता ठरणार, हे मला चित्रपट न पाहताच कळतं. मी सासूबाईंकडे पाहतो. आत्याबाई (सासूबाईंना मी हेच म्हणतो) सहसा रडत नाहीत. त्यामुळे त्यांचा पदर डोळ्यांना लागला की पुरस्कार पक्का! मागे दोनदा हा अंदाज बरोबर आला आणि अख्ख्या लालबागमध्ये मी चित्रपटांचा जाणकार म्हणून मिरवू लागलो.

यंदाही त्यांच्या गावाहून, दापोऱ्याहून, त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. शर्यतीतले तीन नवे चित्रपट एकेक करून टीव्हीवर लावले आणि मी टीव्हीकडे पाठ करून त्यांच्यासमोर बसलो. बापलेकीच्या चित्रपटात त्यांनी शेंगा सोलल्या. धावपटूच्या चित्रपटात चक्क घोरल्या! तिसरा मारामारीचा. तो जरा रंगात आला आणि काय सांगू, पदर डोळ्यांना! "अरे देवा, अरे देवा!" म्हणत त्या हुंदके देऊ लागल्या.

"ठरलं!" मी ओरडलो. "मारामारीवालाच जिंकणार!"

गावी केळीची बाग सांभाळणारा मेहुणा रवी आईला न्यायला आला होता. "दाजी, जरा सोचा ना. त्याच्यात कहाणीच नाही. बापलेकीचा एकदम पक्का आहे."

"तू केळी पाहा, सिनेमा माझ्यावर सोड!"

"मग लागली शर्त! हारेल तो खापरावरच्या पुरणपोळ्या करेल. पूर्ण खानदानासाठी!"

"मंजूर!"

(बायकोने मला चिमटा काढला. ही पोळी लाटायची नसते. हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायची. मला चहासुद्धा उतू न घालवता करता येत नाही.)

निकालासाठी आत्याबाई आणि रवी आमच्याकडेच थांबले. सोहळ्याच्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांनाही बोलावलं. फुकटचं कौतुक कशाला सोडा! एकेक पुरस्कार जाहीर होत गेला. माझ्या चित्रपटाचं नावच निघेना. वेशभूषेलासुद्धा नाही! सर्वोत्कृष्ट ठरला बापलेकीचा. शेजारी चहा पिऊन गुपचूप निघून गेले.

"आत्याबाई," मी कळवळून विचारलं, "मग तुम्ही रडलात कशाला?"

"रडू नाही तर काय करू, जावईबापू? त्या मेल्या हीरोनं सगळे गुंडे केळीच्या बागेत फेकले! कापणीवर आलेले घड होते हो! किती झाडं आडवी केली!" त्यांचे डोळे पुन्हा भरले.

ती बाग मला दिसली असती, पण मी टीव्हीकडे पाठ करून बसलो होतो ना!

रविवारी दापोऱ्याला सगळं खानदान चुलीभोवती जमलं. पहिली पोळी कोपरापर्यंत आली आणि तिथेच फाटली. दुसरीतलं पुरण बाहीत शिरलं. तिसरी मी अशी काही झेलली की ती खापराऐवजी थेट रवीच्या डोक्यावर! आत्याबाई हसून हसून लोळल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि पदर... पदर डोळ्यांना!

"दाजी, बधाई हो!" डोक्यावरची पोळी सोडवत रवी म्हणाला. "यंदाचा पुरस्कार तुम्हालाच!"

म्हणजे माझी पद्धत अचूकच आहे. सगळे जेवायला हॉटेलात गेले आणि पुरस्कार म्हणून मला खापर घासायला मिळालं.