वाळूत गाडी सोडायची न्हाई

शहागडला गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून लालमियाँचं गॅरेज आहे. घनसावंगीच्या, सवारी भरून नेणाऱ्या वडाप जीपा, उसाचे ट्रॅक्टर, भाजीच्या पिकअप, सगळ्यांची दुखणी त्यांच्याकडंच येतात. बॉनेट उघडायच्या आधी नुसता आवाज ऐकून ते काय बिघडलंय ते सांगतात. वय एकसष्ट. तरुणपणी अकरा वर्षं सौदीत होते, पण त्याबद्दल कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "गाडी चालवली, पैसा आणला, घर बांधलं." पुढं एक शब्द न्हाई. बायको रजिया, तिलासुद्धा याच्यापलीकडं काही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत एक दिवस भारत आला. घनसावंगीकडच्या मच्छिंद्र पाटलांचा हा मुलगा, तीस एकर ऊस. सोबत बायको सुरेखा, ती शाळेत शिकवते. त्यांनी जुनी, चारी चाकं ओढणारी जीप घेतली होती. भारतनं बॉनेटवर नकाशा पसरला.

"चाचा, मार्चअखेरीला ऊस कारखान्याला गेला की मी आठ दिवस मोकळा. जैसलमेरच्या पल्याड वाळूत गाडी घालायची, तंबू ठोकून तीन मुक्काम करायचे. सगळं ठरलंय. तुम्ही गाडी तेवढी बराबर करून द्या."

लालमियाँच्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला ते वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

"किती जण?"

"आम्ही दोघंच."

"गाड्या?"

"ही एकच की."

"पानी?"

"वीस लिटरचा जार घेऊ. दोघांना लागतं किती?"

लालमियाँनी बॉनेटवरच्या नकाशाची घडी घातली. "डिसेंबरात जा," ते म्हणाले. "मार्चचं ऊन बेकार."

"डिसेंबरात ऊसतोड असते, चाचा. तेव्हा घरातून हलता येत न्हाई."

काम नाकारावं असं त्यांच्या मनात आलं. पण आपण नाकारलं तर हा दुसऱ्या कुणाकडं जाईल आणि तो दुसरा हसत हसत 'मज्जा करा' म्हणून चावी हातात देईल. म्हणून त्यांनी गाडी ठेवून घेतली.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. रेडिएटरचे पाइप चांगले होते, तरी बदलले. बदललेले पुन्हा काढून बघितले. दुपारी जेवताना ताटाजवळ तांब्या असला तरी ते दोनदा उठून रांजणात वाकून बघायचे. रजियानं एकदा विचारलंच, "क्या हुआ जी? कशाला घाबरताय?"

"कुछ नहीं," ते म्हणाले.

मार्चच्या मध्याला त्यांनी भारतला बोलावून घेतलं. "आधी आपल्या नदीत चालवून दाखव. जमलं तर जा."

दुपारचे बारा वाजले होते. पुलाच्या खालच्या अंगाला गोदावरीचं पात्र कोरडं पडलं होतं, पांढरी भुसभुशीत वाळू लांबवर पसरलेली. भारत चालवत होता, शेजारी सुरेखा, मागं लालमियाँ. चाकातली हवा निम्म्यानं कमी करा, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं, पण भारतला ते पटलं न्हाई. गाडी दोनशे पावलं झोकात गेली आणि मंग नाक खाली करून बसली. भारतनं ॲक्सिलेटर दाबला. चाकं गरागरा फिरली, वाळू उडाली, आणि बघता बघता गाडीचं पोट वाळूला टेकलं.

"बंद कर!" लालमियाँ ओरडले. "इंजन बंद कर!"

इंजिन बंद झालं. मंग जी शांतता पसरली ती लालमियाँच्या ओळखीची होती. उन्हानं पत्रा तापल्याचा बारीक आवाज, आणि दुसरं काहीच न्हाई. पुलावरून ट्रक जात होते, माणसं दिसत होती, पण लालमियाँना त्यातलं काही दिसेना. 

सुरेखा दार उघडून खाली उतरली. "मी रस्त्यावर जाऊन कुणाला तरी बोलावते," म्हणाली आणि चालायला लागली.

लालमियाँ गाडीतून अक्षरशः पडत बाहेर आले. धावत जाऊन त्यांनी तिचा दंड धरला. परक्या घरच्या सुनेला असा हात लावणारा माणूस न्हाई तो. "गाडी सोडू नको! ताई, गाडी सोडू नको!"

ती घाबरली. भारतही धावत आला. लालमियाँच्या चेहऱ्यावरचा रंग बघून दोघांनी त्यांना गाडीच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. अर्धी बाटली पोटात गेल्यावर ते बोलायला लागले.

"सौदीत माझ्यासंगं अबुबकर नावाचा पोरगा होता. आपल्या घनसावंगीचाच. आम्ही दोघं कॅम्पला सामान पोचवायचो. एकदा वाळूत मधातच रेडिएटरचा पाइप फुटला. रस्ता वीस-पंचवीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तो चालत निघाला. मी गाडीपाशी थांबलो. तिसऱ्या दिवशी कॅम्पची गाडी आली, मी वाचलो. तो सापडला त्याच्या दोन दिवसांनी. गाडीपासून चार किलोमीटरवर, बस. गोल गोल फिरला होता. अंगातला शर्ट काढलेला, बूट काढून बाजूला नीट जोडीनं ठेवलेले. मशिदीच्या दारात ठेवतो ना, तसे."

 मंग भारतनं मुकाट्यानं चारी चाकांची हवा कमी केली, फावड्यानं पोटाखालची वाळू ओढली, चाकांखाली फळ्या घातल्या आणि गाडी हळूहळू बाहेर काढली.

त्यानंतरची तयारी सुरेखानं वही घेऊन लिहून काढली. पाणी शंभर लिटर, तेही एका टाकीत न्हाई, पाच कॅनमध्ये. वाटेवरच्या शेवटच्या गावात किराणा दुकानदार होता, त्याच्याकडं पिकअप होती. त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं. कुठं मुक्काम करणार त्याचा कागद लालमियाँकडं ठेवला. रोज संध्याकाळी सहाला रेंजमध्ये येऊन फोन करायचा. सातपर्यंत फोन न आल्यास लालमियाँनी दुकानदाराला कळवायचं. आणि काहीही झालं तरी गाडी सोडायची न्हाई.

"तुम्ही पण चला ना, चाचा," सुरेखा म्हणाली.

"न्हाई." त्यांना वर बघवलं न्हाई. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते."

मार्चअखेरीला दोघं निघाली. पहिल्या मुक्कामाला सहाला फोन आला. दुसऱ्यालाही आला, भारत उड्या मारल्यासारखा बोलत होता. तिसऱ्या दिवशी सहा वाजले, साडेसहा वाजले. लालमियाँनी फोन मांडीवर ठेवला होता. रेंज नसेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. उगीच बोभाटा केला तर लोक हसतील. सातला दोन मिनिटं असताना त्यांनी दुकानदाराचा नंबर लावला.

"अंधेरे में टीले नहीं दिखेंगे," दुकानदार म्हणाला. "फजर होते ही, उजाला दिखते ही निकलता हूँ."

फोन खाली ठेवला तेव्हा रजिया समोर उभी होती. तिला त्यांनी बसायला सांगितलं आणि अबुबकरची सगळी हकिगत सांगितली. भारतला सांगितली ती, आणि सांगितली नव्हती तीही.

"तो आपणहून गेला नव्हता, रजिया. मी पाठवला. 'तू तरणा आहेस, जा,' म्हणालो. पानी सात लिटर होतं. मी त्याला एक बाटली भरून दिली आणि कॅन माझ्यापाशी ठेवला. मला भीती वाटली होती. दोघांना पुरणार न्हाई म्हणून."

 रात्रभर दोघं तशीच बसून होती. पहाटे अजान झाली तेव्हा लालमियाँना नमाजाआधी वजू करायचं पाणी हातात धरवेना.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. सुरेखा होती. आवाज घोगरा झालेला.

"चाचा, आम्ही ठीक आहोत. काल टेकाड उतरताना पुढचा एक्सल मोडला. दुपारी हे चालत निघाले होते. मी म्हटलं, जायचं असेल तर मला पण घेऊन जा, एकट्याला सोडनार न्हाई. मंग थांबले. रातभर गाडीपाशीच होतो. सकाळी तुमचा मानूस आला."

लालमियाँ गॅरेजच्या उंबऱ्यावर खाली बसले. त्यांना वाटलं होतं, अशी बातमी आली की छातीवरचा दगड उतरेल. पण तो उतरला न्हाई, जागचा हललासुद्धा न्हाई.

रजिया म्हणाली, "अबुबकरच्या घरात कोण आहे आता?"

"एक बहीण. गजाला."

"चला मंग."

दोघं वडाप जीपनं घनसावंगीला गेली. त्या जीपचा ड्रायव्हर सगळ्या वाटेनं क्लचची तक्रार सांगत होता आणि लालमियाँ नुसती मान हलवत होते. गजालाच्या दारात उभं राहिल्यावर त्यांनी कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. वाळवंटातही एवढी भीती वाटली नव्हती. अठ्ठावीस वर्षांत ईदला मिठाई पाठवली होती, पण स्वतः ते या दारात एकदाही आले नव्हते.

गजालाचे केस पांढरे झाले होते. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. ते त्यांनी प्यायलं न्हाई. उभ्यानंच सगळं सांगितलं, आपण पाठवल्याचंही.

तिनं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मंग विचारलं, "तुम्हाला गाडीत घातलं तेव्हा कॅनमध्ये पानी किती उरलं होतं?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. याच प्रश्नाला ते इतकी वर्षं भीत होते.

"दोन लिटर," लालमियाँ म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझी माय मरेपर्यंत म्हनायची, तो वाट चुकला. मला आज कळलं, कसा चुकला ते." ती उठली, दाराशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "माफ केलं का, ते मला आता सांगता येनार न्हाई. पन तुम्ही आलात. बसा. चहा ठेवते."

लालमियाँ खाटेच्या कडेवर बसले. रजिया उठून तिच्या मागोमाग चुलीपाशी गेली.