फणसाची ओटी

झाड तोडायचं तर पौषातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात, असं माझ्या मामंजींचं ठाम मत. उजेडाच्या पंधरवड्यात झाडात रस चढतो आणि तेव्हा तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, असं ते सांगायचे. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. पोलादपूरच्या आमच्या खोऱ्यात कुणाला घरासाठी तुळई हवी असली, की दिवस विचारायला माणसं त्यांच्याकडेच यायची.

आमच्याच परसातला फणस मात्र घरावर कलला होता. श्रावणात त्याची एक फांदी गोठ्यावर कोसळली. उरलेलं झाड माझ्या खोलीवर ओणवं झालेलं. दिवाळीत मला दिवस गेले, आषाढात बाळ व्हायचं होतं. घरधनी मुंबईला गिरणीत.

पौष आला. मामंजी म्हणाले, "पुढल्या अवसेला बघू." माघात फणस धरले. फळतं झाड तोडू नये म्हणून चैत्र गेला, वैशाखही गेला. सासऱ्यांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून मी सगळा राग भांड्यांवर काढायची. गावाला दिवस सांगतात आणि घरात चालढकल! ह्यांना गऱ्यांचा मोह सुटत नाही, अशी माझी खात्रीच झाली होती.

ज्येष्ठात, मला आठवा महिना चालू असताना, एका सकाळी कुडपणचा लाकूडतोड्या दारात उभा. तोच बुचकळ्यात पडलेला.

"काका, उजेडाचं दिस हायत. लाकडाला भुंगा लागंल."

"लागू दे. लाकूड कुनाला पायजे हाय?" मामंजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गो, ओटीचं ताट घेऊन ये."

झाड तोडण्याआधी हळदकुंकू वाहून त्याची माफी मागतात, हे मला ठाऊक होतं. पण झाडाची ओटी? मी नारळ, तांदूळ आणि खण घेऊन परसात गेले.

"तुज्या सासूनं लगीन होऊन आली त्याच वरसाला लावलान ह्यो," मामंजी म्हणाले. "ती सवाष्ण गेली. तिची ओटी भरून पाठवली. ह्याला तसाच कसा पाठवू?"

माझी मलाच लाज वाटली. गऱ्यांचा मोह म्हणे! पोट सांभाळत मी कशीबशी वाकले आणि ओटी भरली. मामंजींनी खोडावर हात ठेवला आणि घरात सासूबाईंशी बोलत तसंच, हळू आवाजात म्हणाले, "रागवू नको गो. तुजं नातवंड येतंय."