रोजचं की सणाचं?

कुठलीही नवी वस्तू समोर आली, की अक्का आधी तिच्यावर तळहात ठेवायच्या, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि विचारायच्या, "हे रोजचं हाय का सणाचं?" मुलासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हा भरजरी साडीत बसलेल्या त्या मुलीलाही त्यांनी सोडलं नाही. "हे नेसलंयस ते सणाचं. रोजची कशी असतीस?" मुलगी म्हणाली, "रोज मी केस बांधत नाही आणि फार हसते." सोयरीक तिथंच ठरली. ही गोष्ट त्यांची सूनच आम्हाला सांगायची, आणि सांगताना खरोखरच फार हसायची.

अशी एकाच प्रश्नावर संसार तोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण त्या प्रश्नावर कुणी वेबसाइट तोललेली पाहिली नसेल. मी पाहिली आहे, कारण ती मी बनवलेली होती.

अक्का कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आमच्या मागच्या बोळात राहायच्या. माहेर सीमेकडचं, त्यामुळे घरात कानडी आणि दारात मराठी. नवरा अकाली गेल्यावर त्यांनी घरातूनच कांदा-लसूण मसाला विकायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात पेठेतली पोरं शिकायला, नोकरीला बाहेर पडू लागली आणि प्रत्येकाच्या ट्रंकेत अक्कांच्या मसाल्याची एक पिशवी जाऊ लागली. काही पिशव्या विमानातही बसल्या.

पुढे दोन हजार सालानंतर मी एका पिठाच्या गिरणीच्या वर खोली घेऊन वेबसाइट बनवायचा धंदा थाटला. एका सकाळी अक्का जिना चढून आल्या. "तम्मा," त्या म्हणाल्या. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. पेठेतले सगळे तरुण त्यांचे तम्मा होते. "लांबलांबनं फोन येत्यात. कंप्युटरात दुकान मांडता येतंय म्हणं. मांड की मग."

दुकानाचा सांगाडा तयार मिळायचा. त्याला वरून जोडायचे छोटे छोटे प्रोग्राम असत. आज त्यांना अ‍ॅप म्हणतात, तेव्हा आम्ही अ‍ॅडऑन म्हणायचो. यादी लांबलचक होती, आणि पहिल्यांदाच बुफे पाहिलेल्या वऱ्हाड्यासारखं मी सगळंच ताटात वाढून घेतलं. पान उघडलं की हलगी वाजायची. माऊसच्या बाणामागून लाल मिरच्या उडायच्या. कोपऱ्यात आलेल्या-गेलेल्यांचा आकडा पळायचा. नशीब आजमावायचं एक चक्रही गरगरत असायचं. मला ते दुकान जत्रेसारखं देखणं वाटत होतं.

अक्कांनी माझ्या शब्दावर विसंबून त्या उन्हाळ्यात दुप्पट मिरची कुटून घेतली. घरात पाय ठेवायला जागा नाही, इतक्या बरण्या. आणि ऑर्डर एकही येईना. एक महिना गेला, दुसरा गेला. मी अक्कांच्या सुनेला बोळात पाहिलं की दुसऱ्या वाटेने जाऊ लागलो. मला खरंच कळत नव्हतं, चुकतंय कुठे.

ते अक्कांनीच शोधलं. त्या कोडोलीला बहिणीकडे गेल्या होत्या. दुकान दाखवावं म्हणून बहिणीला घेऊन तिथल्या इंटरनेट कॅफेत गेल्या. पान उघडता उघडेना. बहिणीने पर्समधली सुपारी काढून कातरली, खाल्ली, तरी पडद्यावर अर्धीच मिरची. शेवटी उघडलं ते हलगीसकट. सारा कॅफे दचकून वळला आणि परीक्षेचा निकाल बघायला आलेला एक बाप खुर्चीवरून उठून उभा राहिला. कुणाची तरी मिरवणूक आली, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्याकडे आल्या. मी शिव्या खायच्या तयारीत होतो. त्यांनी खुर्ची ओढली, पडद्याच्या काचेवर तळहात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "एकेक वाच. गिऱ्हाइकाच्या कामाचं काय आणि तुझ्या हौसेचं काय, ते मी बघते."

मी वाचत गेलो. मिरच्या गेल्या, चक्र गेलं. हलगीबद्दल त्यांचं म्हणणं पडलं, की ती लग्नात वाजावी, मसाला घ्यायला आलेल्या बाईच्या कानात कशाला. आकड्यावर त्या जरा थबकल्या. मग म्हणाल्या, दारावरनं किती माणसं गेली हे दुकानदारच मोजत बसला, तर मसाला कोण कुटणार? ग्राहकाशी तिथल्या तिथे बोलायची एक खिडकी होती, तिचा मला फार अभिमान होता. "ह्यात बोलणार कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही. "मी चुलीजवळ आणि पावणं दारात ताटकळत. नको. जमंना ते दाखवू न्हाय."

ठेवलं फार थोडं. मसाला संपला की 'संपला' असं आपोआप दाखवणारं एक. पार्सल कुठवर पोचलं याचा निरोप पाठवणारं दुसरं; लेक सासरी पोचली का, हे कळल्याशिवाय आईला घास जात नाही, हे त्यांचं कारण. गिऱ्हाइकांचे अभिप्राय ठेवले, पण नको ते अभिप्राय लपवायची सोय मला बंद करायला लावली.

आणि यादीच्या तळाशी एक होतं, जे मी जोडलंच नव्हतं. ऑर्डर देताना गिऱ्हाइकाला काही लिहायचं असेल, तर एक रिकामी चौकट. मी म्हटलं, अक्का, मसाला मागवताना माणूस काय लिहिणार?

"दुकानात येतंय ते नुसतं सामान मागतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "हे रोजचं. हे घाल."

पान आता क्षणात उघडू लागलं. चौथ्या दिवशी पहिली ऑर्डर आली, भोपाळहून, एका निवृत्त गृहस्थांची. चौकटीत त्यांनी लिहिलं होतं: 'पत्नी कोल्हापूरची होती. गेल्या वर्षी गेली. मसाला मागवतो आहे, पण भाजीत किती घालायचा आणि केव्हा, हे मला माहीत नाही.'

अक्कांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग पदराने चष्मा पुसला आणि उत्तर सांगायला सुरुवात केली. तेल किती, कांदा कुठवर परतायचा, मसाला घालताना आच कशी बारीक करायची. मी 'आच मंद करावी' असं टाइप केलं, तर म्हणाल्या, "मी म्हणते तसं लिही. त्यांच्या बायकोनं असंच सांगितलं असतं."

पार्सल पोचल्यावर चार दिवसांनी गृहस्थांचं उत्तर आलं: 'जळाली.' अक्का खुदकन हसल्या आणि दुसरं पत्र सांगायला बसल्या.

त्यानंतर चौकट रिकामी राहिली नाही. कुणाला बाळंतिणीला मसाला चालतो का, हे हवं होतं; कुणाला डब्यातल्या भाजीमुळे वसतिगृहात झालेली मैत्री सांगायची होती. रोज चार वाजता अक्का जिना चढायच्या, सून हसत मागून यायची, आणि आम्ही उत्तरं लिहायचो. एकदा कुणी अभिप्रायात लिहिलं, की पिशवी फुटकी आली, मसाल्याचा वास उडाला होता. मला ते काढून टाकायचा मोह झाला. अक्कांनी त्याच्याखाली लिहायला लावलं, 'चूक आमची हाय. दुसरी पाठवली.' नंतर तोच माणूस आपल्या सगळ्या ऑफिसची ऑर्डर द्यायला लागला. दिवाळीआधीच बरण्या संपल्या. पडद्यावर पहिल्यांदा 'संपला' उमटलं, तेव्हा सुनेने पेढे वाटले.

पुढच्या वर्षी भोपाळचे गृहस्थ नृसिंहवाडीला दर्शनाला आले, ते वाट वाकडी करून पेठेत आले. उंच, अबोल माणूस. सकाळी धर्मशाळेतल्या स्टोव्हवर स्वतः केलेली वांग्याची भाजी त्यांनी डब्यातून आणली होती. अक्कांनी भाकरी मोडली, घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी हाय," अक्का म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

गृहस्थांनी खिशातून वही काढली आणि तिथेच ते लिहून घेतलं. मग बराच वेळ वहीकडे बघून हसत राहिले.

काही वर्षांनी अक्कांच्या बंगळूरच्या मुलीला जुळी झाली. दुकान सुनेच्या हाती देऊन अक्का तिकडे गेल्या. सहा महिन्यांत येते म्हणाल्या होत्या. पण नातवंडांनी सोडलं नाही आणि पुढे प्रकृतीनेही नाही. त्या तिकडेच वारल्या.

मला त्या अजून दिसतात त्या बंगळूरला निघतानाच्या, स्टेशनवर. भर दुपार होती, मी आणि सून त्यांना गाडीत बसवायला गेलो होतो. निरोपाचे दोन शब्द बोलावेत म्हणून मी खिडकीशी उभा होतो. पण समोरच्या बाकावर एक नवीन लग्न झालेलं कानडी जोडपं होतं, आणि अक्कांची तोवर त्यांच्याशी सोयरीक जुळली होती. गाडी हलली तेव्हा त्यांनी मांडीवर कागद पसरला होता. त्या मुलीचा हात हातात धरून, तळव्यावर चिमूटभर मसाला ठेवून त्या कानडीत भराभरा काही सांगत होत्या. मुलीने चाटून बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सगळा डबा हसू लागला.

खिडकी पुढे गेली. आमच्याकडे बघून हात हलवायचं अक्कांच्या लक्षातच आलं नाही.